गिटारची नेक बदलता येते. अख्खी गिटार टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की बेळगावात वाद्यांच्या तक्रारी सुरू होतात. हार्मोनियमच्या पट्ट्या अडकतात, तबला उतरतो, आणि हल्ली घरोघरी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गिटारची नेक, म्हणजे दांडी, वाकते. हार्मोनियम आणि तबल्याचे कारागीर आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे ती वाद्यं बरी होऊन घरी परत येतात. गिटारला मात्र सरसकट एकच निकाल लावला जातो: नेक गेली म्हणजे गिटार गेली, आता नवीन घ्या. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हा निकाल बहुतेक वेळा साफ चुकीचा असतो आणि त्यापायी सीमाभागातल्या पालकांचे कष्टाचे पैसे वाया जातात, म्हणून हे पत्र.

मी स्वतः वाजवणारा नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून देण्यात माझं आयुष्य गेलं. पंपाचं कव्हर असो वा गिअरबॉक्सचं, ओतकामाच्या आधी ते कोणीतरी लाकडात हुबेहूब घडवलेलं असतं आणि त्यावरून वाळूचा साचा उठतो. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागे साधारण १० मिमी मोठा ठेवायचा. त्यासाठी आमची मोजपट्टीसुद्धा वेगळी, तेवढी वाढवून आखलेली असते. कुठलं लाकूड पावसात किती फुगतं, कुठल्या अंगाला ओढ घेतं, हे डोक्यात ठेवूनच आमच्या धंद्यात रंधा धरावा लागतो. गिटारकडे मी त्याच नजरेने बघितलं. लाकूड, पोलादाची एक सळई, चार स्क्रू आणि मापं. यातलं काहीही आपल्या गावातल्या कारागिराच्या हाताबाहेरचं नाही.

माझ्या पुतण्याची मुलगी कॉलेजात शिकते आणि गणपतीच्या कार्यक्रमात, गॅदरिंगला इलेक्ट्रिक गिटार वाजवते. गोव्यातल्या एका ओळखीच्या घरातून तिने ती जुनी घेतली होती. बॉडी दणकट, तीन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग), आवाज तिला हवा तसा. गेल्या पावसाळ्यात वडगावातल्या त्यांच्या जुन्या घरात ती ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून राहिली आणि नंतर वाजवायला घेतली, तर बारीक तारा पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, पुढे नुसत्या खरखरायला लागल्या. तिने ती एका दुकानात दाखवली आणि तिथून तडक माझ्याकडे आली. "आबा, ते म्हणालेत ह्याचं आता काय होत नाही, टाकून नवीनच घ्या म्हणून. तुम्ही एकदा बघा की."

दाराच्या चौकटीचा पीळ बघायला आम्ही दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे नजर टाकतो. गिटारच्या फ्रेट वरून किंचित गोलसर असतात, पट्टी त्यावर डुलते, त्यामुळे ती रीत इथे उपयोगाची नाही. मी स्टीलची सरळ पट्टी आधी जाड तारांच्या कडेने नेकवर उभी धरली. पट्टी आणि फ्रेट यांच्यामध्ये मधोमध उजेडाची बारीक फट दिसली, म्हणजे त्या कडेला खोलगट बाक. मग तीच पट्टी बारीक तारांच्या कडेने धरली, तर ती मधल्या फ्रेटवर टेकून दोन्ही टोकांना मोकळी राहिली, म्हणजे या कडेला उलटा फुगवटा. एकाच नेकच्या दोन कडा दोन दिशांना गेलेल्या. हा पीळ.

बाक आणि पीळ यांतला फरक गिटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवा, कारण एकावर इलाज फुकटात होतो आणि दुसऱ्याला नेक बदलावी लागते. १० ते ४६ (इंचाचे हजारावे भाग) या नेहमीच्या जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास जातो, सिमेंटच्या पोत्याहून थोडाच कमी, आणि तो रात्रंदिवस चालू असतो. त्याला तोंड द्यायला नेकच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन या अमेरिकेतल्या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा फिरवून जुळवता येणाऱ्या सळईचं पेटंट १९२३ साली मिळालं. अ‍ॅलन की घालून सळई थोडी आवळली की बाक निघतो. पण सळई मधोमध एकच असते, दोन्ही कडांवर तिचा परिणाम सारखाच होतो. एक कड वर आणि एक खाली गेली असेल, तर तिच्या हातात काही नाही. ऊब देऊन, क्लॅम्पमध्ये आवळून पीळ काढता येतो असं सांगणारे भेटतात. लाकडाचा माझा अनुभव असा की पिळलेलं लाकूड पुढच्या पावसात पुन्हा आपल्या वळणावर जातं. अशा नेकवर पैसे घालू नयेत.

आता गिटार टाकायची का नाही, हे समजायला तिची रचना कोणी आणि का केली ते बघावं लागेल. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्यांनी सपाट, भरीव बॉडीची गिटार बाजारात आणली, ती पुढे टेलिकास्टर नावाने ओळखली गेली, आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली. या दोन्हींत नेक बॉडीला सरसाने चिकटवलेली नाही. मागच्या बाजूने एक पोलादी पट्टी आणि चार स्क्रू लावून ती आवळलेली आहे. त्यामुळे कारखान्यात नेक वेगळी, बॉडी वेगळी घडवता येते, आणि वापरात नेक खराब झाली तर सोडवून दुसरी बसवता येते. दुरुस्तीवर पोट असलेल्या माणसाची ही रचना आहे. आपल्याकडच्या मुलांच्या हातात मला ज्या इलेक्ट्रिक गिटार दिसतात, त्या बहुतेक याच नमुन्यावर बेतलेल्या असतात. दुकानदाराने गिटार नुसती उलटी करून ते चार स्क्रू बघितले असते, तरी "टाकून द्या" म्हणायची वेळ आली नसती.

ज्यांच्या गिटारला मागे स्क्रू नाहीत, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. गिब्सनची १९५२ सालची लेस पॉल आणि तिच्या धर्तीच्या गिटार, तसंच पोकळ पोटाच्या बहुतेक साध्या गिटार, यांची नेक चिकटवलेली असते. ते काम वेगळं आणि बरंच अवघड.

नवी नेक मागवण्याआधी मापं घ्यावी लागतात, आणि सगळ्यात आधी घ्यायचं ते स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी. तारा जिथे नेकच्या टोकाला खाचांत बसतात तो नट. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि दुप्पट करायचं. आमचं ३२४ मिमी आलं, म्हणजे स्केल ६४८ मिमी, साडेपंचवीस इंच, हेच फेंडरच्या नमुन्याचं माप. गिब्सनच्या नमुन्याचं स्केल पावणेपंचवीस इंच, सुमारे ६२८ मिमी. दोन्ही नेक भिंतीवर शेजारी टांगल्या तर फरक चटकन डोळ्यांत भरत नाही, पण ६४८ च्या बॉडीवर ६२८ ची साधी नेक बसवली तर गिटार कधीही सुरात येणार नाही. तशा बॉडीसाठी मुद्दाम केलेल्या आखूड स्केलच्या नेक मिळतात, ती गोष्ट निराळी.

असं का, हे मी पुतण्याच्या मुलीला मिरजेच्या सतारीवरून समजावलं. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते सरकवून जुळवतो. गिटारच्या फ्रेट लाकडात ठोकून बसवलेल्या असतात, त्या हलत नाहीत. त्यांची जागा गणिताने ठरते: उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचं. ६४८ च्या स्केलवर पहिली फ्रेट नटपासून ३६.४ मिमीवर येते, दुसरी त्यापुढे ३४.३ मिमीवर, आणि असं करत बारावी बरोबर निम्म्यावर. हे गणित तार ब्रिजवर, म्हणजे बॉडीवरच्या तारा टेकायच्या भागावर, जिथे टेकते त्या जागेपर्यंतची लांबी धरून केलेलं असतं. ब्रिज बॉडीवर आहे आणि फ्रेट नेकवर. म्हणून दोघांचं स्केल एकच हवं.

त्यानंतर पॉकेट, म्हणजे बॉडीतली ती खाच जिच्यात नेक बसते. फेंडरच्या नमुन्यात तिची रुंदी २ पूर्णांक ३/१६ इंच, म्हणजे ५५.६ मिमी, आणि खोली ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी. नकलांमध्ये यात फरक पडतो, म्हणून व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग मोजायचं साधन, लावल्याशिवाय काहीही मागवू नये. आमचा पॉकेट ५६ रुंद आणि १६ खोल निघाला. नेकच्या मागच्या जाड टोकाला हील म्हणतात. स्ट्रॅटोकास्टरच्या हीलचं टोक गोलसर असतं आणि टेलिकास्टरचं सरळ कापलेलं, त्यामुळे एकीची दुसरीत बसवताना फट राहते किंवा बसतच नाही. आमच्या जुन्या नेकला २१ फ्रेट होत्या, नवी २२ ची मिळाली. त्याने बिघडत नाही. बाविसावी फ्रेट पॉकेटच्या बाहेर आलेल्या पट्टीवर असते, बाकीचं सगळं जागच्या जागी राहतं.

नेक मेपल लाकडाची आली, वर शिसवीची पट्टी. शिसव म्हणजे आपल्या खानापूर-दांडेलीच्या रानातलं झाड. कानशीने कड मारताना त्याचा तो गोडसर वास आला आणि बरं वाटलं. आपल्या घाटातलं लाकूड जगभरच्या गिटारवर बसतं आणि आपल्या गावात एक नेक बदलून मिळू नये, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

बसवताना सगळ्यांत जास्त वेळ पॉकेटला द्यावा. रुंदीत नेक अडत होती. अशा वेळी बरेच जण पॉलिश पेपर घेऊन लाकूडच घासायला लागतात. आमच्या पॉकेटच्या भिंतींवर रंगाचे जाड थर होते आणि अडथळा त्यांचाच होता. मी धारदार पटाशीची पाठ टेकवून फक्त रंग खरवडला, लाकडाला हात लावला नाही. वरच्या कडेला रंगाची बारीक रेघ आधी ब्लेडने कापून घेतली, नाहीतर नेक दाबताना तिथून रंगाची खपली उडते. नेक हाताच्या दाबाने आत जावी आणि बॉडी उचलली तर स्क्रूशिवाय लटकून राहावी, एवढी घट्ट. ठोकून बसवावी लागली तर ती जास्त घट्ट झाली. बॉडीला तडा जाऊ शकतो.

भिंतींपेक्षा पॉकेटचा तळ महत्त्वाचा. हीलच्या खालच्या अंगाला मी निळा खडू चोळला, नेक पॉकेटमध्ये दाबली आणि काढली. तळावर निळा रंग उमटला तो दोन कोपऱ्यांत आणि मध्ये एका ठिपक्यावर, बाकी सगळं कोरं. रंग फवारताना तळाला गोळे राहिले होते, नेक त्यांवर टेकत होती. ते काढले, पुन्हा खडू, पुन्हा दाबणं, जिथे उमटेल तिथेच खरवडणं, असं करत गेलो आणि शेवटी निळा रंग तळभर सारखा आला. पॅटर्नचे दोन भाग आम्ही असेच जुळवतो. या कामाला यंत्र लागत नाही, धीर लागतो.

व्हर्निअरने आणखी एक गोष्ट दाखवली. नवी हील जुन्या हीलपेक्षा पाऊण मिलिमीटर पातळ होती. म्हणजे फ्रेटची पातळी तेवढी खाली जाणार आणि तारा तेवढ्या उंच राहणार. ब्रिजवरची तार टेकायची घोडी आधीच जवळजवळ तळाला होती, आणखी खाली घ्यायला जागा नव्हती. अशा वेळी व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घडी करून पॉकेटमध्ये टाकतात. त्याने तात्पुरतं भागतं, पण नेकखाली पोकळी राहते आणि स्क्रूच्या ताणाने हीलचं टोक कालांतराने वर उचलू शकतं. मी सागवानाची पाऊण मिलिमीटरची पातळ चकती पॉकेटच्या तळाच्या आकारात कापून खाली घातली, पूर्ण तळभर. नेकचा कोन बदलायचा असेल तर हीच चकती पाचरीसारखी उतरती करायची, जाड बाजू ब्रिजकडे ठेवायची, म्हणजे नेकचं टोक मागे झुकतं आणि तारा खाली येतात.

भोकं पाडण्याआधी नेक सरळ बसली आहे का, हे तारा लावूनच कळतं. नुसतं पॉकेटच्या भिंतीवर विसंबू नये. ट्यूनिंगच्या खुंट्या जुन्या नेकवरच्याच नवीवर चढवल्या, नेक क्लॅम्पने हलकी धरली, क्लॅम्पखाली चामड्याचा तुकडा ठेवला, आणि फक्त पहिली आणि सहावी तार लावून जेमतेम ताणली. मग शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही तारांपासून नेकच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. बारीक तारेकडे अंतर कमी भरत होतं. नेक केसभर फिरवून दोन्हीकडे सारखं केलं. हे राहून गेलं तर वाजवताना बारीक तार कडेवरून घसरते आणि मुलं समजतात आपली बोटं चुकतात.

आता भोकं. बॉडीची भोकं मुळात आहेतच. त्यांतून स्क्रू घालून टोकावर हलकेच टिचकी मारली की हीलवर खूण उठते. स्क्रू ४५ मिमी लांब. बॉडीची जाडी ४५, त्यातून पॉकेटचे १६ गेले, राहिले २९, वर मागची पोलादी पट्टी आणि आमची चकती धरून ३२ च्या आसपास. म्हणजे स्क्रूचे साधारण १३ मिमी नेकमध्ये जाणार. हील २५ मिमी जाड, त्यामुळे फ्रेटच्या बाजूने स्क्रू बाहेर येण्याची भीती नाही, पण ड्रिलला भान नसतं. बिटवर १५ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. मेपल टणक असतं, त्याला ३.२ मिमीचं बिट बरोबर. भोक हीलला काटकोनात हवं, तिरकं गेलं तर स्क्रू आवळताना नेक बाजूला ओढतो. म्हणून हँडड्रिल न वापरता उद्यमबागेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या शेडवर गेलो. ते घरी कन्नड बोलणारे, आमची ओळख फाउंड्रीच्या दिवसांपासूनची. त्यांनी नेक ड्रिल मशीनच्या टेबलावर लेव्हल करून दिली, गुण्या लावून बघितला, "सरी ऐती" (बरोबर आहे) म्हणाले आणि चारही भोकं पाडून दिली. पैसे घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट फारच कमी जणांना ठाऊक असते. बॉडीतल्या भोकांत स्क्रू सैल, नुसता सरकून गेला पाहिजे. त्याचे आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. कुठलाही सुतार दोन फळ्या जोडताना हेच करतो. बॉडीत आटे धरले तर स्क्रू कितीही आवळा, नेक आणि बॉडीमध्ये फट राहते, आणि ती फट डोळ्यांना दिसत नाही. आमच्या बॉडीची दोन भोकं घट्ट होती, ती ५ मिमीच्या बिटने मोकळी केली. स्क्रूच्या आट्यांना मेण लावलं. मेपलमध्ये कोरडा स्क्रू जोराने फिरवला तर मान तुटून अर्धा आतच राहतो. यंत्राने न फिरवता हाताच्या पेचकसाने, एकदा हा, एकदा समोरचा असे थोडे थोडे आवळत नेले. कुणाला जुनी, आधीची भोकं असलेली नेक मिळाली आणि ती जुळत नसतील, तर त्यांत टणक लाकडाची गोल खुंटी सरसाने बसवून, सुकू देऊन, मग नवीन भोक पाडावं. आगपेटीच्या काड्या कोंबू नयेत.

पुढचं काम वाजवणाऱ्याचं आणि मेकॅनिकचं मिळून. सहाही तारा लावून सुरात आणल्या आणि गिटार रात्रभर तशीच ठेवली, कारण नव्या लाकडाला ताण घ्यायला वेळ लागतो. सकाळी पहिली फ्रेट आणि नेक बॉडीला मिळते तिथली फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजली. मोटरसायकलचे मेकॅनिक वापरतात तेच फिलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पाती. पाव मिलिमीटर फट असली की ठीक. आमची जास्त होती, अ‍ॅलन की पाव फेरा फिरवून थांबलो, पुन्हा मोजली. ट्रस रॉड कधीही एका दमात अर्ध्या फेऱ्याच्या पुढे नेऊ नये. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास ठेवली, तिला तीच बोटाला बरी वाटली. मग सुरांची जुळणी तिनेच केली. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून बघायचे. दाबलेला चढा आला तर घोडी मागे, उतरलेला आला तर पुढे. सहाही तारांचं झाल्यावर तिने तिथेच वर्कबेंचपाशी स्टुलावर बसून वाजवायला घेतली, बाराव्या फ्रेटच्या पलीकडे गेली, आणि कुठेच खरखर नव्हती.

नव्या गिटारसाठी जी रक्कम सांगितली होती, तिच्या चौथ्या भागात हे काम झालं, आणि तिची जुनी बॉडी, तिला आवडणारा आवाज तसाच राहिला.

आता कारागिरीबद्दल. आपल्याजवळ मिरज आहे. शस्त्रांची कामं करणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब १९ व्या शतकात तंतुवाद्यं घडवायला लागले आणि त्यातून मिरजेची सतार-तंबोऱ्याची पेठ उभी राहिली. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूनचं लाकूड आणि पिढ्यान् पिढ्यांचा हात. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सुळेभावीसारख्या बेळगावजवळच्या गावात कुमार गंधर्व जन्मले, हे आपण अभिमानाने सांगतो. गाण्याचं वेड आपल्याकडे भरपूर आहे. लाकूड आणि लोखंड मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घडवणारे हातही उद्यमबागेत आणि मच्छेत भरपूर आहेत. या दोघांची गाठ पडत नाही, एवढीच अडचण. गिटार शिकवणाऱ्याला पॅटर्नमेकर ठाऊक नसतो आणि पॅटर्नमेकरला गिटारचं स्केल म्हणजे काय ते कोणी सांगितलेलं नसतं.

आमच्या धंद्याची स्थितीही सांगतो. यंत्रावर कापलेले पॅटर्न आल्यापासून हाताने पॅटर्न करणाऱ्यांना काम कमी झालं आहे. चांगली हत्यारं आणि त्याहून चांगली नजर असलेली माणसं घरी बसून आहेत. नेक बसवणं, फ्रेट घासून समपातळीत आणणं, हाडाचा नट घडवणं, उचकटलेला ब्रिज पुन्हा बसवणं, ही कामं त्यांना शिकायला फार वेळ लागणार नाही. आयटीआयमध्ये सुतारकाम आणि फिटर शिकणाऱ्या मुलांना प्रात्यक्षिकात एकदा गिटारची नेक सोडवून पुन्हा बसवायला द्यावी. काटकोन, खोली, सैल भोक आणि घट्ट भोक, सगळंच त्यात येतं, आणि मुलं ते आवडीने करतील.

वाद्यांच्या दुकानांना माझी कळकळीची विनंती आहे की गिटार विकताना बिलावर तिचं स्केल, पॉकेटची रुंदी आणि नेक स्क्रूची आहे का चिकटवलेली, एवढं लिहून द्यावं. दुरुस्ती स्वतः करत नसाल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा, पण "होत नाही" म्हणू नका. एखाद्या पॉवरलूमवर काम करणाऱ्या बापाने मुलीला घेऊन दिलेल्या गिटारची किंमत त्या घरात काय असते, हे वडगाव-शहापूरमध्ये दुकान चालवणाऱ्यांना मी सांगायला नको.

पालकांनी पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. खोलीच्या आतल्या भिंतीला टांगावी किंवा पेटीत ठेवावी, आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत वाद्यं दुरुस्त करणारे जे कोणी आहेत, मग ते हार्मोनियमचे असोत, तबल्याचे, व्हायोलिनचे की गिटारचे, त्यांची नावं आणि गल्ल्या आपण रविवारच्या पुरवणीत एकत्र छापाव्यात. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, कॅम्पातले, गावाकडचे, सगळेच. ज्या सुतारांना, फिटरना, पॅटर्नमेकरना हे काम शिकायची इच्छा आहे, त्यांनीही आपल्या कार्यालयाकडे नाव कळवावं. मला जेवढं येतं तेवढं मी अनगोळच्या माझ्या शेडमध्ये त्यांना दाखवीन. व्हर्निअर, खडू आणि जुनी पिळलेली नेक सरावासाठी ठेवलेली आहे. यादी मे महिन्याच्या आत आली तर येत्या पावसाळ्यात तिचा उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
अनगोळ, बेळगाव